पक्याचा ठिपका

"घाटकोपर," पक्या म्हणाला. कुणीही विचारलं नव्हतं.

डोंबिवलीत फडके रोडच्या टोकाला टपरीपाशी आमचा कट्टा. पक्याचा मुलगा माटुंग्याच्या कॉलेजात अकरावीला लागल्यापासून पक्याच्या मोबाईलवर नकाशा उघडाच असतो. त्यात मुलाच्या फोटोचा गोल ठिपका. तो सरकतो आणि पक्या स्टेशनं पुकारतो. बॅटरीसुद्धा दिसते त्याला. "14 टक्के! चार्जर विसरलं गाढव."

"अरे, पोरगं आहे की कुरियरचं पार्सल?" नाना म्हणाले. नानांचा मुलगा कॅनडात, त्यामुळे या विषयावर बोलायचा पहिला मान त्यांचा. "मी 79 साली रत्नागिरीहून रातराणीनं मुंबईला आलो. तेव्हा कुठली कोकण रेल्वे! पोचल्याचं अंतर्देशीय घरी मिळेपर्यंत आठवडा. वडील जेवत नव्हते की काय?"

"जेवत होते की नव्हते, तुम्हाला काय माहीत? तुम्ही इकडे होतात."

नाना गप्प. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आई म्हणायची खरं. पोस्टमन यायच्या वेळी ते ओटीवर येऊन बसायचे."

पक्याला जोर चढला. "9 जून 2025. मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं पडली, गेली त्यातली काही. त्याच लाइनीवरून रोज येतो माझा."

यावर चेष्टा कोण करणार? पण मला राहवलं नाही. "पक्या, तो आत बसलाय की दारात लटकतोय, हे ठिपक्यात दिसतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? बघत बसतो, झालं."

खरं तर मी बोलायलाच नको होतं. आमच्या वेळी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. अंधार झाला की डबाभर आरोळ्या, त्यात माझी पहिली. आणि तेव्हा आम्ही हमखास दारात. घरी काय सांगायचो? "आज बसायला मिळालं."

शिवाय माझं स्वतःचंच ताजं होतं. मुलीला अठरा पूर्ण झाली म्हणून तिचं खातं 'मेजर' करायला बँकेत गेलो होतो. फॉर्म मी भरला, आधार-पॅनच्या झेरॉक्सवर सही करायला पेनही मीच काढलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमची सही आता चालणार नाही. मॅडमची घ्या." मॅडम! हिला सायकलवर मागून धरून पळालोय मी. तिनं माझ्याच पेनानं तीन ठिकाणी सह्या केल्या. सही मी कधी पाहिलीच नव्हती. 'र'ला लांब शेपूट काढते. कुठून शिकली कोण जाणे. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी एकटीच येईन, तुमची रजा कशाला फुकट?" आनंद झाला. आणि ती रजा मला फुकट घालवायची होती, हेही तिथेच कळलं.

हे कट्ट्यावर सांगितलं तर नानांचं उत्तर तयार: "अठराचं काय घेऊन बसलास? दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवता येतं. 2014 पासून नियम आहे रिझर्व्ह बँकेचा." बँकेतून निवृत्त झालेला माणूस, याच्यापुढे रडायचीही सोय नाही.

एवढ्यात पक्याची बायको भाजीची पिशवी घेऊन आली. "कुठे पोचलाय?" नानांनी विचारलं. ती पक्याकडे न बघताच म्हणाली, "मुलुंडला. बसायला मिळालंय."

"तुला कसं कळलं?"

"फोन केला होता त्यानं. रोज करतो, गाडीत चढला की." ती कोथिंबिरीची जुडी सारखी करत निघून गेली.

पक्या मोबाईलकडे बघत राहिला. ठिपका मुलुंडलाच होता. मला वाटलं, आता हा नकाशा बंद करेल. केला नाही. उलट ठाणं गेलं, दिवा गेलं, तेही पुकारलं, फक्त आवाज जरा खाली आलेला. कोपर स्टेशनला मेसेज वाजला. पक्यानं वाचला आणि फोन आमच्याकडे फिरवला. लोकेशन चालू करून देताना पोरानं ते दोन्हीकडून चालू ठेवलं होतं, हे या शहाण्याला आत्ता समजत होतं.

'बाबा, दीड तास तिथेच आहात. दोन चहा झाले असतील. तिसरा नको, शुगर आहे.'

नानांनी पक्यापुढचा कटिंग उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.