जियान, सुनियो आणि भेंडीची भाजी

रात्री साडेआठला आमच्याकडे भेंडीची भाजी आणि डोरेमॉनचं कार्टून एकदमच सुरू होतात, कारण समोर टीव्ही असल्याशिवाय चिरंजीवांच्या घशाखाली घास उतरत नाही आणि रिमोट त्यांच्याच मांडीखाली असतो, त्यामुळे मॅचचा स्कोअर मला मोबाईलवर चोरून बघावा लागतो. बरं, बघून बघून आता मलाच नाद लागलाय! तोही हिरो नोबिता-डोरेमॉनचा नाही, त्या जियान-सुनियोचा.

जियान म्हणजे गल्लीतला आडदांड, दुसऱ्याची वस्तू दिसली की ती आपलीच समजणारा. सुनियो बुटका, पैसेवाल्या घरचा, जीभ तुरूतुरू. आता गंमत बघा, हा नवीन खेळणं मिरवायला आणणार, जियान ते हिसकावणार, हा रडणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच बाजूला उभा! का? तर जियान नसेल तर नोबिताला पिडायचं कुणाच्या जिवावर, आणि सुनियो नसेल तर जियानच्या त्या भयंकर गाण्याला वाहवा करणार कोण? मोकळ्या मैदानात ते सिमेंटचे पाईप, समोर धमकी देऊन बसवलेली पोरं आणि वर हा भसाडा सूर. एकटा जियान नुसता गुंड आणि एकटा सुनियो नुसता फुशारक्या, बघवणार नाही पाच मिनिटं. एकत्र आले की मात्र धमाल. आणि एवढा दांडगा जियान दुकानातून आईची हाक आली की शेपूट घालतो, तिथे आमचं पोरगं ताट सोडून हसतं. हिरोला बिचाऱ्याला तेवढं हसू कधीच मिळत नाही.

नव्वदीत रविवारी दूरदर्शनवर टेलस्पिन हे कार्टून लागायचं, त्यात खलनायक डॉन कार्नेजचे दोन पंटर होते, मॅड डॉग नुसती काडी आणि डंपट्रक नुसता ढोल. हिरो बल्लू काय करायचा ते आता धड आठवत नाही, हे दोघं आठवतात. आमच्या मातोश्रींचं म्हणणं, यात नवीन काय, आम्ही चिमणराव-गुंड्याभाऊ बघितलेत, प्रभावळकर आणि बाळ कर्वे. ते कुणाचे पंटर नव्हते गं आई, असं म्हणून बघितलं, पण तिच्यासमोर वाद घालण्यात अर्थ नसतो.

मोटू-पतलूचं प्रकरण उलटं. लोटपोट मासिकातली ही जोडी २०१२ मध्ये निकलोडियनवर आली ती थेट हिरो म्हणूनच, मग पंटरची जागा रिकामी, म्हणून त्यातल्या खलनायकाला, जॉन डॉनला, दोन माणसं दिली, नंबर वन आणि नंबर टू. नावं ठेवायचीसुद्धा तसदी नाही!

हल्ली जेवण झालं की हा खेळ घरातच चालतो. चिरंजीव जियान, मी सुनियो. आजोबा नोबिता, कारण पाठ टेकली की तेही लगेच घोरतात. सोफ्यावर उभं राहून गायन होतं, मी टाळ्या वाजवतो आणि माझं चॉकलेट जप्त होतं. काल मी जरा डोकं चालवलं. म्हटलं, अरे डोरेमॉनच्या सिनेमांमध्ये जियान किती चांगला असतो, मित्रांसाठी जीव धोक्यात घालतो, तू तो सिनेमावाला जियान हो ना. पटलं त्याला, छाती काढून उभा राहिला.

"मग दे बघू माझं चॉकलेट परत."

"बाबा, सिनेमा संपला."