पाय तुमचा, टक्के वकिलाचे

अपघात झाला का? वाचलात ना, बरं झालं. आता एक लक्षात ठेवा, वकील शोधायला जाऊ नका. शोधायला जातात ते अडाणी. शहाण्या माणसाकडे वकील आपण होऊन चालत येतो, तेही एक्सरेची फिल्म वाळायच्या आत. तुम्ही फक्त खाटेवर गप पडून राहायचं, सलाइनचा हात हलवायचा नाही आणि दुसरा हात सहीसाठी मोकळा ठेवायचा, बास.

माझं असंच झालं. मित्राच्या गाडीत पुढे डाव्या सीटवर बसलो होतो, चौकात डावीकडून टेम्पो घुसला, दरवाजा आत आला आणि दरवाज्याबरोबर माझा पाय. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आत रॉड, शुद्धीवर येतो तर उशाशी औषधांच्या बिलाला टाचणी लावून एक व्हिजिटिंग कार्ड. बायको म्हणाली, वॉर्डबॉयने दिलं, फार चांगला मुलगा आहे हो, आपल्यासाठी स्वतःहून वकिलाशी बोलला. खरंच चांगला मुलगा. माझं ब्लड प्रेशर किती हे त्याला माहीत नव्हतं पण टेम्पोचा नंबर, विमा कंपनीचं नाव आणि माझा पगार तोंडपाठ होता.

आता काही खडूस लोक तुम्हाला सांगतील की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाला जाहिरात करायला आणि असं माणसं पाठवून गिऱ्हाईक गोळा करायला बंदी आहे, आणि कोर्टासाठी गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालांबद्दल तर २०२३ च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्येच कलम घातलंय. घातलंय की. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे रुपये! तेवढ्यात आजकाल पायाचा एक्सरे पण निघत नाही नीट, तेव्हा त्या बिचाऱ्या मुलावर कशाला राग धरायचा.

तर पहिली पायरी, फी. वकीलसाहेब येतात, खाटेच्या कडेवर बसतात (नेमकं तुटलेल्या पायाकडे) आणि म्हणतात, काका एक रुपया देऊ नका, मिळालं तर टक्का, नाही मिळालं तर माझं नशीब. मी चौतीस वर्षांचा, पण पाय मोडला की माणूस काका होतो. हे ऐकून डोळ्यात पाणी आणायचं. निकालावर फी ठरवणं आणि पक्षकाराच्या पैशात वाटा घेणं हे दोन्ही नियमाने वकिलाला चालत नाही, असलं काही मध्येच बोलायचं नाही, वातावरण बिघडतं. आणि टक्का कशावर, मूळ रकमेवर की व्याजासकट, खर्च आधी वजा होणार की नंतर, हे तर अजिबातच विचारायचं नाही. कागदावर लिहून घ्या म्हणणारा माणूस संशयी असतो, घरचे संस्कार दिसतात त्यात.

दुसरी पायरी, सह्या. वकीलपत्रावर सही करा म्हटलं की करायची, आणि त्याखालच्या सात-आठ कोऱ्या कागदांवर पण करायची, कारण प्रत्येक वेळी तुम्हाला कुठे त्रास द्यायचा. माझी सही तेव्हा वेदनांच्या इंजेक्शनच्या गुंगीत झाली, वेलांटी पार कागदाबाहेर गेलेली, मला वाटलं ही सही कुणी मान्य करणार नाही, पण कोर्टात सगळीकडे तीच चालली. पुढे पैसे मंजूर झाल्यावर बँकेच्या पैसे काढायच्या स्लिपवर आधीच सही करून ठेवा म्हणतात, ती पण करून ठेवावी. विश्वासावर जग चाललंय.

कोरे कागद कशासाठी लागतात हे मला फार उशिरा कळलं. त्यातल्या एकावर माझं उत्पन्न टाइप झालं होतं. मी विक्रीचं काम करतो, पगार अधिक कमिशन, सगळं बँकेत येतं, रिटर्न भरतो, पण साहेबांनी ना पगाराची स्लिप मागितली ना रिटर्न. ते म्हणाले कोर्ट आपोआप काहीतरी धरतं. धरतं खरं, अंदाजाने धरतं, आणि तो अंदाज कधी तुमच्या बाजूने झुकलेला मी तरी बघितला नाही.

आता जरा हिशेब सांगतो कारण मोडलेल्या पायाची सगळी गंमत हिशेबात आहे. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिलेत, ३१ ते ३५ वयाला १६, पुढे वय वाढेल तसा कमी कमी. समजा महिना तीस हजार, म्हणजे वर्षाला ३,६०,०००, गुणिले १६ म्हणजे ५७,६०,०००. कमाईची ताकद जितके टक्के गेली तितका भाग तुमचा. म्हणजे एक टक्का म्हणजे ५७,६०० रुपये. भविष्यात पगार वाढला असता ते वेगळं, औषधं वेगळी, वेदना वेगळ्या. मी हे कॅल्क्युलेटरवर चार वेळा करून बघितलं कारण विश्वास बसेना की माझ्या गुडघ्याला भाव इतका नेमका असतो.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी लिहिलं ४० टक्के. मी खुश. ४० गुणिले ५७,६०० म्हणजे मी मनातल्या मनात घराचं कर्ज फेडलं. पण ते ४० टक्के फक्त पायाचे होते. पाय म्हणजे काही आख्खा माणूस नव्हे, आणि आख्खा माणूस म्हणजे काही त्याची कमाई नव्हे. २०१० च्या राजकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हे समजावून सांगितलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाईल, पण तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर नोकरी राहू शकते. म्हणजे तुमचा धंदा काय, त्यात तो अवयव कसा वापरता, हे कोर्टाला पटवायचं आणि सर्टिफिकेटवाल्या डॉक्टरांना साक्षीला आणायचं. मी दिवसभर दुकानांच्या पायऱ्या चढणारा माणूस, मला वाटलं हे सांगायला तर पाचच मिनिटं लागतील.

वकीलसाहेब म्हणाले डॉक्टरला बोलवायचं म्हणजे डॉक्टरची फी, तारीख पडते, सोडा. सोडलं. समोरच्या विमा कंपनीच्या वकिलाने मला उलटतपासणीत एकच विचारलं, तुम्ही आज कोर्टात कसे आलात? मी म्हटलं जिना चढून. खरं बोललो ना. दीड मजला चढायला वीस मिनिटं लागली आणि मध्ये दोनदा कठड्याला धरून उभा राहिलो, हे कुणी विचारलंच नाही. माझे साहेब तेव्हा दुसऱ्या कोर्टात दुसऱ्या कुणाच्या पायासाठी उभे होते, ज्युनियर होता, तो मोबाइल सायलेंटवर टाकत होता.

हां, आणि चूक कुणाची किती याचे पण टक्के असतात बरं का. विमा कंपनी म्हणाली निम्मी चूक गाडी चालवणाऱ्याची, सबब भरपाई निम्मी कापा. साहेबांनी मान डोलावली, मलाही पटलं, मित्र खरंच जोरात होता. फक्त गाडी मी चालवत नव्हतो एवढी बारीक गोष्ट राहून गेली. दोन गाड्यांच्या चुकीत तिसरा माणूस मोडला तर तो पूर्ण पैसे दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो, आपसात ते काय वाटून घ्यायचं ते घेतील, सुप्रीम कोर्टाने हेही केव्हाच सांगितलंय. पण हे माहीत असलेला वकील निवडलात तर केस लवकर संपते हो, मग कोर्टाच्या कँटीनमधल्या ओळखी कशा होणार?

म्हणून आता सांगतो कुठल्या वकिलापासून लांब राहायचं. जो पहिल्या भेटीत आकडा सांगत नाही तो. तुम्ही विचारता, किती मिळतील, आणि तो म्हणतो, आधी पगाराचे कागद बघू, मग बोलू. असल्या माणसाला धंद्याची समज नाही. जो विचारतो गाडी कोण चालवत होतं, बेल्ट लावला होता का, ड्रायव्हरचं लायसन्स कुठलं, पॉलिसी त्या तारखेला चालू होती का, आणि तुम्ही वैतागलात तरी परत विचारतो, तो तर उलट तुमच्यावरच केस चालवतोय असं वाटतं, लगेच उठा. जो म्हणतो की दावा अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही टाकता येतो, तुम्हाला जवळचं अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण घेऊ, तो आळशी, कारण चांगला वकील तुम्हाला लांबच्या कोर्टात फिरवून हवापालट घडवतो. आणि जो म्हणतो की मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत टाका, ती मुदत कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून परत आलीय, तो नुसता घाई करणारा. घाईत काय चांगलं होतं? अपघात तर घाईतच झाला होता.

कागदपत्रं सांभाळू नका. औषधांची बिलं कपाटात ठेवली की कपाट भरतं. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत पोलीस स्टेशनला मागायला जाऊ नका, साहेब लोक कामात असतात. २०२२ पासून नियम असाय म्हणे की पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा, म्हणजे तुमची अर्धी केस पोलीसच मांडून ठेवतात. त्यावर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत भरपाईचा देकार द्यायचा असंही कायद्यात आहे. पण तो देकार वकिलाच्या टक्क्याला मारक, त्यामुळे तुमच्यापर्यंत त्याची बातमी आली नाही तर समजून घ्या, माणसाला पोट असतं.

जिल्हा कोर्टात एका कोपऱ्यात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिकडे चुकूनही फिरकू नका. बाई असेल, लहान मूल असेल, अपंग व्यक्ती किंवा अनुसूचित जाती-जमातीतला कुणी असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील देतात. फुकटचा वकील म्हणजे कसला वकील, असं मला माझ्या वकिलाने सांगितलं आणि त्याला यातलं कळतं, तो स्वतः त्या पॅनेलवर होता.

शेवटी लोक न्यायालय. आदल्या दिवशी फोन येतो, काका उद्या या, आधार कार्ड आणा, फायनल करून टाकू. हॉलमध्ये टेबलं, टेबलामागे पंचमंडळी, इतकी गर्दी की मला आधी वाटलं लसीकरण चाललंय. माझा ४० टक्के पाय त्या टेबलावर १५ टक्के झाला. २५ टक्के गुणिले ५७,६०० म्हणजे १४,४०,०००, एवढं मी हॉलच्या दारापासून टेबलापर्यंत चालत येईस्तोवर गेलं, आणि मी काही फार हळू चालत नव्हतो त्या दिवशी. मी म्हटलं साहेब वर अपील करू, ते हसले. लोक न्यायालयाच्या निवाड्यावर अपील नसतं काका, ते सही करायच्या आधी सांगायचं असतं. कुणी सांगायचं असतं हे त्यांनी सांगितलं नाही.

तसं लोक न्यायालय वाईट नाही, माझ्या शेजारच्या बाईंचं काम त्याच टेबलावर नीट झालं. त्यांची वकील घरून वहीत हिशेब मांडून आली होती आणि पंचांसमोर ती वही उघडून बसली. मी चोरून बघितली, समासात पेन्सिलने गुणक लिहिलेला होता. रुक्ष बाई. एकदाही हसली नाही.

माझे पैसे खात्यात आले, त्यातून स्लिपने टक्का गेला, मग टायपिंग, झेरॉक्स, ज्युनियरचा चहा आणि "वरखर्च" गेला. उरले त्यात रॉड काढायचं ऑपरेशन झालं, म्हणजे नुकसान असं काही झालं नाही.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांचा मुलगा बाइकवरून पडला म्हणून त्याच हॉस्पिटलला गेलो, काठी टेकत टेकत. वॉर्डबॉयने लांबूनच ओळखलं, खुर्ची आणून दिली, पायाची चौकशी केली, मग जवळ येऊन हळूच म्हणाला, काका पेशंट तुमच्या ओळखीतला दिसतोय, घरच्यांशी जरा बोला ना आपल्या साहेबांबद्दल, तुमचं पण बघू काहीतरी.

मी काठी भिंतीला लावली आणि विचारलं, किती टक्के?