प्रीअँप वीसवर नेला की आवाज वाढत नाही, फाटतो

लॅपटॉपचा आवाज तिप्पट करून देणारा तो मेसेज अखेर आमच्या घरच्या ग्रुपवरही आला, आणि बारावीतल्या भाचीने तो जसाच्या तसा अमलातही आणला. म्हणून हे लिहितोय, एरवी सोडून दिलं असतं. मेसेजचं म्हणणं असं: इक्वलायझर एपीओ हे आवाजातले जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमीजास्त करणारं फुकट सॉफ्टवेअर सोबतच्या लिंकवरून घ्या, टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवा, प्रीअँप, म्हणजे सगळा आवाज एकदम वाढवणारी किंवा कमी करणारी त्यातली सेटिंग, +२० डेसिबलवर न्या, बेसच्या पट्ट्या पार वर सरकवा. आवाज ३०० टक्के होईल, जुन्या एमपीथ्री गाण्यांना स्टुडिओची क्वालिटी येईल, इअरफोनवर तर विचारायलाच नको. आणि हे नुसतं सॉफ्टवेअर असल्याने स्पीकरला, कानाला काहीही अपाय नाही.

सॉफ्टवेअरशी माझं भांडण नाही. इक्वलायझर एपीओ मुक्त स्रोत आहे, उत्तम आहे, आणि निवडलेल्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर जाणाऱ्या जवळपास सगळ्या अ‍ॅपच्या आवाजाला एकाच ठिकाणी वळण लावतं. पण म्हणूनच त्यातला एक चुकीचा आकडा सगळीकडे भोवतो.

तर तो आकडा. +२० डेसिबल म्हणजे आवाजाच्या लहरीची उंची दहापट, शक्ती शंभरपट. तिप्पटच करायची होती तर साडेनऊ डेसिबल पुरले असते. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःचाच हिशेब केलेला नाही. पण खरा घोटाळा पुढे आहे. डिजिटल आवाजाला छत असतं. १६ बिटच्या फाइलमध्ये एका नमुन्याची, म्हणजे लहरीच्या उंचीच्या एका नोंदीची, सर्वात मोठी किंमत ३२,७६७, त्याच्या वर जागाच नाही. हल्लीची गाणी मुळातच या छताला टेकवून तयार केलेली असतात. ती दहापट करायला गेलात की छताच्या वरचं सगळं कापलं किंवा दाबलं जातं. लहरीचे गोल माथे सपाट होतात आणि ढोलकीची थाप, गाणारीचा गळा, सगळ्यावर एकच खरखर चढते. भाची म्हणाली, "मामा, मेसेजात दिलंय तसंच केलंय, तरी सरांचा आवाज चिरकतोय. आवाज कमी केला तरी तसाच." तसाच राहणार, कारण विंडोजची व्हॉल्यूमची पट्टी या कापाकापीनंतर लागू होते. फाटलेला आवाज बारीक केला तर बारीक फाटका आवाज मिळतो.

कानाला अपाय नाही, हे वाक्य मात्र मला सहनच होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली मिळून मोबाइल, प्लेअर, हेडफोन यांवर सुरक्षित ऐकण्याचं मानक काढलं. त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याची मर्यादा ८० डेसिबलला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. मोठ्यांचाच हिशेब करा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास. सव्वा तास दिवसाचा नव्हे, आख्ख्या आठवड्याचा. म्हणजे हेडफोनवर ७५ वर निवांत ऐकणाऱ्याने नुसता प्रीअँप +२० केला आणि व्हॉल्यूमला हात लावला नाही, तर हळू रेकॉर्ड केलेल्या लेक्चरला तो ९५ वर पोहोचतो. हळू रेकॉर्डिंगला छतापर्यंत जागा असते, तिथे वाढ पुरेपूर मिळते. बारावीची मुलं रोज किती तास हेडफोन लावून बसतात हे घरोघरी माहीत आहे. त्यात मध्येच जाहिरात लागते किंवा नोटिफिकेशन वाजतं. ते आधीच छताला टेकलेलं असतं, आणि हळू आवाजासाठी वर ठेवलेल्या व्हॉल्यूमवर ते कानावर आदळतं. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. असं असताना 'काहीही अपाय नाही' कोणत्या आधारावर लिहिलं?

स्पीकरचं अर्धसत्य मान्य करतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये स्पीकरला सांभाळणारी चिप असते, त्यामुळे तो लगेच जळणार नाही. पण बाहेरून जोडलेल्या स्वस्त स्पीकरला अशी राखण बहुधा नसते. आणि बेसचं म्हणाल तर लॅपटॉपच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ६० हर्ट्झचा खोल बेस निघतच नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं. पट्टी वर केल्याने बेस येत नाही, पडदा नुसता धडपडतो आणि वरचे स्वरही बिघडवतो.

एमपीथ्रीला स्टुडिओ क्वालिटी? १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबून लहान केलेली फाइल करतानाच साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक फेकून दिलेलं असतं. जे फाइलमध्ये नाही ते वाढवणार कसं?

इक्वलायझरने बोलणं स्पष्ट होतं, हे मात्र खरं, आणि मेसेजने नेमकं तेच सांगितलेलं नाही. स, श, फ ही व्यंजनं वरच्या भागात असतात. ती दबली की गणिताच्या तासाला 'साठ' म्हणाले की 'आठ' ते कळत नाही. भाचीच्या लॅपटॉपवर मी केलं ते एवढंच: २५० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी, म्हणजे घुमटपणा जातो, ३,००० हर्ट्झला ४ डेसिबल जास्त, आणि प्रीअँप −४. जितकी सर्वात मोठी वाढ, तितकाच प्रीअँप शून्याच्या खाली, हा नियम. या सॉफ्टवेअरच्या एडिटर खिडकीत खालच्या भागात 'पीक गेन', म्हणजे सगळं मिळून होणारी सर्वात मोठी वाढ, दिसतो, तो शून्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. आवाज कमी वाटला तर व्हॉल्यूमची पट्टी वाढवा, ती त्यासाठीच आहे. तरीही एखादं लेक्चर पुटपुटल्यासारखंच येत असेल तर ते व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि तेवढ्यापुरता आवाज तिथे वाढवा. सगळ्या सिस्टमला वेठीला धरू नका.

राहिली ती लिंक. हे सॉफ्टवेअर टाकायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते आणि ते विंडोजच्या ऑडिओ सेवेत जाऊन बसतं. अशी गोष्ट अनोळखी झिप फाइलमधून, तीही अँटिव्हायरस बंद करून? मूळ प्रत सोर्सफोर्ज या वेबसाइटवर फुकट मिळते आणि तिच्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही. ज्यांनी त्या लिंकवरून टाकलंय त्यांनी आधी ते काढा, अँटिव्हायरस चालू करून पूर्ण स्कॅन लावा, मगच सोर्सफोर्जवरून घ्या. टाकताना यादीत आपला स्पीकर किंवा हेडफोन निवडायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. रीस्टार्ट केल्याशिवाय फरक दिसत नाही, आणि मग लोक पट्ट्या आणखी वर नेत बसतात.