फ्रिज आहे का? आहे.

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होईल, कंटाळा आला तर पुढे सरका.

आज कुर्ल्याला आईकडे गेले होते. चहा टाकला तेवढ्यात टॅब घेऊन एक मुलगी दारात. हवामान बदलाचा कुठल्या वस्तीला किती धोका, त्याचा म्हणे सर्व्हे. घर पक्कं का? नळ घरात की बाहेर? कमावणारे किती? टीव्ही? फ्रिज? आई ताठ मानेनं म्हणाली, "आहे की!" झाली टिक.

मी सहज विचारलं, फ्रिजचा आणि पुराचा काय संबंध गं? तर म्हणे, घरात वस्तू जास्त म्हणजे सावरायची क्षमता जास्त, मग निर्देशांकात, म्हणजे वस्तीच्या धोक्याला जो आकडा देतात त्यात, धोका कमी धरतात.

म्हणजे फ्रिज असला की आम्ही सावरतो!

26 जुलै 2005, मंगळवार. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस, कुलाब्याला त्याच दिवशी 100 सुद्धा नाही. एकच मुंबई बरं का. मिठी नदी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मी कॉलेजात अडकलेली, घरी आई एकटी. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, माझी मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ती पोटमाळ्यावर चढली आणि रात्रभर खाली बघत बसली. खाली फ्रिज तरंगत होता. हप्त्यावर घेतलेला, चार महिन्यांचा. भिंतीवर आपटायचा, धप्प. जरा वेळानं पुन्हा धप्प. ती अजून तो आवाज काढून दाखवते.

पाणी उतरलं, फ्रिज भंगारात गेला. हप्ते कुठे जाणार? पुढचे 14 महिने आई नसलेल्या फ्रिजचे पैसे भरत होती. शिवणकामाचे. आता मला सांगा, तो फ्रिज आमची क्षमता होती की गळ्यातली धोंड?

आणि हे सगळं शेवटी वॉर्डाच्या सरासरीत जाणार. आमच्या एल वॉर्डात मिठीकाठचं क्रांतीनगर आहे, आणि टोलेजंग टॉवरही आहेत. दोघांना एकत्र घोळलं की नकाशावर मस्त पिवळा रंग येतो, म्हणजे धोका मध्यम. पाणी काय सरासरी बघून शिरतं?

हो, कळतंय मला. आकड्यांशिवाय कुणी पैसा मंजूर करत नाही. 2022 ला मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, त्यातही असेच नकाशे आहेत, आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरे. मान्य. पुढे?

तासाला 25 मिलीमीटर पाऊस पेलतील एवढीच ब्रिटिशांच्या काळातली गटारं, ती 50 पेलणारी करायची म्हणून आपण किती वर्षं खणतोय. ते मोजा ना! आणि आमच्याकडे आलाच आहात तर नीट विचारा. उधारी किती? पोटमाळा आहे का? भाड्यानं राहता, तर भरपाईच्या यादीत नाव तुमचं लागेल की घरमालकाचं? रात्री दोनला दार वाजवलं तर कोण उघडेल? त्या रात्री आईला वरून हाका मारून जागं ठेवणारी शेजारीण कुठल्या रकान्यात बसवणार?

हे सगळं मी त्या मुलीला सुनावलंही. नंतर वाईट वाटलं. बावीस-तेवीसची पोर, चपला चिखलात बरबटलेल्या, फॉर्ममागे पैसे मिळतात म्हणून वणवण फिरतेय. आईनंच मला गप्प केलं, "तिच्यावर कशाला गं ओरडतेस," आणि माझा चहा उचलून तिच्या हातात दिला.

चहा पिताना पोरीचं लक्ष गेलं. आईचा आत्ताचा फ्रिज कडाप्प्याच्या ओट्यावर आहे, चांगला कमरेएवढा उंच. बर्फ काढायचा तर आई स्टुलावर चढते. सत्तरीच्या बाईनं स्टुलावर चढू नये म्हणून मी वर्षानुवर्षं भांडतेय, ती ऐकत नाही.

"आजी, एवढ्या वर का ठेवलाय?"

आईनं तिला धप्प ऐकवलं. पोर थोडा वेळ गप्प बसली. मग टॅबवर खाली खाली जाऊन 'इतर' शोधलं आणि तिथे टाईप केलं, फ्रिज ओट्यावर.