भावनांना नव्वद सेकंदांची मुदत नसते

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘कोणतीही भावना शरीरात फक्त ९० सेकंद टिकते, त्यानंतरचं दुःख तुम्ही स्वतः निवडता. नकारात्मक विचार आला की झटकून टाका. राग आला तर उशीवर काढा. आनंदात परिस्थितीचा वाटा फक्त १० टक्के. २१ दिवस हसतमुख राहा, सवय लागेल. आनंद हा निर्णय आहे.’ खाली जोडलेले हात आणि सूर्यफूल.

यातली जवळपास प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या खऱ्या संशोधनाला चाटून गेलेली आहे, म्हणून तर ती पटते.

‘भावना ९० सेकंदच टिकते’

अचानक धसका बसला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं आणि काही मिनिटांत रक्तातून ओसरतं, इतपत ठीक. पण मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिगेला पोचतं आणि उतरायला तासभर किंवा जास्तही घेतं. भांडण मिटून पाऊण तास झाला तरी चित्त थाऱ्यावर नसेल, तर ते तुम्ही ‘निवडलेलं’ नसतं.

२०१५ मध्ये बेल्जियममधल्या दोन संशोधकांनी २३३ शाळकरी मुलांना २७ भावनांबद्दल विचारलं: अलीकडचा प्रसंग आठवा, ती भावना किती वेळ टिकली? लाज आणि किळस साधारण अर्ध्या तासात विरल्या. आनंद सरासरी ३५ तास टिकला, दुःख १२० तास. आठवून सांगितलेले आकडे आहेत, घड्याळ लावून मोजलेले नाहीत. पण तफावत केवढी आहे ते पाहा. लांबणाऱ्या भावनांमागे दोन गोष्टी दिसल्या: प्रसंगाचं महत्त्व आणि तो पुन्हा पुन्हा उगाळणं. पहिली आपल्या हातात नसते. दुसरी थोडीफार असते, आणि मेसेज नेमका तिथेच चुकीचा उपाय सांगतो.

‘नकारात्मक विचार झटकून टाका’

१९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्याची सूचना दिली. विचार आला की घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढच्या पाच मिनिटांत विचार करायची मोकळीक मिळाल्यावर याच मंडळींच्या डोक्यात अस्वल जास्त आलं. ज्यांना सुरुवातीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही जास्त. विचार दडपायचा तर तो आला का हे सतत तपासावं लागतं, आणि तपासणंच त्याला जागं ठेवतं.

मग करायचं काय? भावनेला नेमकं नाव द्यायचं. भेदरलेल्या, चिडलेल्या चेहऱ्यांचे फोटो पाहताना त्या भावनेचं नाव निवडलं की मेंदूतल्या अमिग्डालाची (धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची) हालचाल कमी होते, हे २००७ च्या एका स्कॅन-अभ्यासात दिसलं.

समजा रात्री साडेनऊला साहेबांचा मेसेज आला: ‘उद्या सकाळी भेटा, बोलायचं आहे.’ पोटात गोळा. आता कागद घ्या आणि घडलं तेवढंच एका वाक्यात लिहा. ‘साहेबांनी उद्या बोलावलंय’ हे घडलं. ‘साहेब भडकलेत’ हा तर्क, तो नको. मग शरीरात कुठे काय जाणवतंय ते लिहा. मग भावनेचं नाव आणि ० ते १० मध्ये तीव्रता: भीती ७, अपमान ३. शेवटी आत्ता करण्याजोगी एकच गोष्ट, उदाहरणार्थ कुठली फाइल सोबत नेऊ हे विचारणं. पाच मिनिटांत आटपायला हवं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. ‘मूड ऑफ’ हे नाव फार ढोबळ, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. ‘मला वाटतं माझी कुणाला किंमत नाही’ हा विचार आहे, भावना नव्हे. त्याखाली दुखावलेपण आहे की मत्सर, ते शोधा. आणि ‘माझ्याच बाबतीत का?’ असं सुरू झालं की नाव देणं संपलं, उगाळणं सुरू झालं. तिथे पेन खाली ठेवा. चिंता तरीही परत येत असेल तर तिला रोज ठरलेली १५ ते २० मिनिटं द्या, झोपेच्या वेळेपासून लांब. एरवी आली तर एक ओळ टिपून त्या वेळेवर ढकला. हे झटकणं नव्हे, कारण वेळ खरोखर पाळायची असते. ती पाळली नाही तर युक्ती चार दिवसांत निकामी होते.

‘राग उशीवर काढा’

सगळ्या मेसेजमधला सर्वांत वाईट सल्ला. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. काहींनी अपमान करणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, काही दोन मिनिटं नुसते बसले. सर्वांत जास्त राग पहिल्या गटात उरला. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक निघाले. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही तेच दिसलं: शरीराची उत्तेजना उतरवणारे उपाय राग कमी करतात, चढवणारे एकूणात करत नाहीत. धावून येणंसुद्धा त्यात आलं, हे अनेकांना पटत नाही. तब्येतीसाठी जरूर धावा, पण राग उतरवण्यासाठी नको.

त्याऐवजी राग आला की चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. जोर लावून खोल श्वास घेऊ नका, चक्कर येते. उत्तर द्यायचं असेल ते त्यानंतर.

‘परिस्थितीचा वाटा फक्त १० टक्के’

हा आकडा येतो २००५ च्या एका शोधनिबंधातल्या तक्त्यातून: आनंदात ५० टक्के वाटा जनुकांचा, १० टक्के परिस्थितीचा, ४० टक्के स्वतःच्या कृतीचा. हे आकडे माणसामाणसांतल्या फरकाबद्दल होते, एका माणसाच्या आनंदाची वाटणी नव्हती. एखाद्या गटात सगळ्यांनाच नोकरी असेल, तर त्यांच्या आनंदातल्या फरकात बेकारीचा वाटा शून्य टक्के निघेल. म्हणून नोकरी गेल्यावर कुणी सुखी राहील का? मूळ संशोधकांपैकी दोघांनी २०१९ मध्ये या तक्त्याच्या मर्यादा मान्य केल्या. मेसेजमध्ये अजून २००५ च आहे.

याच्या जोडीला लॉटरीचा दाखला येतो: जिंकणारे आणि अपघातात अपंग झालेले म्हणे काही काळाने सारखेच आनंदी. १९७८ चा तो अभ्यास उघडून बघितला तर पाचपैकी गुण असे: लॉटरीवाले ४, सामान्य लोक ३.८२, अपघातग्रस्त २.९६. याला सारखं म्हणत नाहीत.

‘२१ दिवसांत सवय’

मूळ प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांचं १९६० मधलं निरीक्षण: बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. ‘किमान’ वाटेत गळालं. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

‘आनंद हा निर्णय आहे’

२०११ च्या एका प्रयोगात ज्यांना आनंदाचं महत्त्व आधी वाचायला दिलं, त्यांना आनंदी चित्रफीत पाहून उलट कमी आनंद झाला. ‘आलो का मी आनंदात?’ हे मोजत बसलं की प्रत्येक क्षण कमी पडतो. ठरवता येते ती कृती. आठवड्याच्या वेळापत्रकात तीन-चार छोट्या गोष्टी वार आणि वेळ घालून लिहा: कुणाला तरी भेटणं, हाताने काही करणं, २० मिनिटं चालणं. मन लागण्याची वाट पाहू नका. आधी करा, नंतर ० ते १० गुण द्या. कृतज्ञतेची नोंद लिहायची तर आठवड्यातून एकदा पुरे, रोजची लवकरच पाठ म्हटल्यासारखी होते.

आणि दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस उरला नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा. अशा माणसाला हा मेसेज पुढे पाठवला तर ‘हे तूच निवडलंस’ एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. त्यापेक्षा त्याला फोन करा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत जा.