रॉकमधला शामन आणि आपली भांग

पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या 'द डोअर्स' या अमेरिकन रॉक बँडवरून जुंपलीये. एका पार्टीचं म्हणणं, साठच्या दशकातलं रॉक म्हणजे निव्वळ ड्रग्जची जाहिरात. दुसरी म्हणते अरे हे तर आपलंच, शंकराची भांग, साधूंची चिलीम, तेच त्यांनी गिटारवर वाजवलं. मी अमेरिकेत, ओरेगन राज्यात राहते, मला दोन्ही पटत नाही.

गाणं बघून बोला ना. बीटल्सच्या 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'च्या आद्याक्षरांत लोकांना एलएसडी हे भास घडवणारं ड्रग दिसलं, पण बीटल्सचा जॉन लेनन कायम सांगत राहिला की नाव त्याच्या लहान मुलाने काढलेल्या चित्रावरून आलं. त्याच लेननने 1966 च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी मात्र एलएसडीचा प्रचार करणारा मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी आणि मंडळींच्या एलएसडीवरच्या पुस्तकातून सरळ ओळी उचलल्या होत्या. म्हणजे माणूस एकच पण दोन गाण्यांचा पुरावा वेगळा.

डोअर्सचं तर नावच लेखक ऑल्डस हक्सलेच्या, मेस्कलिन या निवडुंगातल्या ड्रगवरच्या 1954 च्या पुस्तकावरून घेतलंय, तिथे ड्रग नाकारून चालणारच नाही. पण गायक जिम मॉरिसन सोडून बाकीचे तिघे भेटले ते महर्षी महेश योगींच्या ध्यानाच्या क्लासमुळे, हे कोणीच बोलत नाही. आणि मॉरिसनचा शामन, म्हणजे आत्म्यांशी बोलून लोकांना बरं करणारा भगत? लहानपणी न्यू मेक्सिकोच्या रस्त्यावर अपघातात मेलेल्या अमेरिकेतल्या मूळ इंडियन लोकांचे आत्मे आपल्यात शिरले असं तो सांगायचा, 'पीस फ्रॉग' या डोअर्सच्या गाण्यात ते आलंय, घरच्यांच्या आठवणीत मात्र तो प्रसंग एवढा मोठा नव्हता. मला ती कवीने स्वतःसाठी रचलेली दंतकथा वाटते, आणि कविता म्हणून ती जबरदस्त आहे. शेवटच्या वर्षांत त्याला पोखरलं ते दारूने.

अमेरिकेत सगळं खुलं आहे असं ग्रुपवर समजतात, तसं नाहीये. इथे 2020 मध्ये मतदानाने सायलोसायबिन मशरूमला, म्हणजे भास घडवणाऱ्या अळंबीला, परवानगी मिळाली, 2023 पासून सेंटर्स सुरू झाली, पण वय किमान 21 पाहिजे, घ्यायचं तिथेच आणि ट्रेनिंग घेतलेला माणूस शेजारी बसलेला. त्यामुळे इथे या गाण्यांवर बोलताना कोणी दचकत नाही, पण मग प्रत्येक गाण्याची थेरपी होते आणि शामन वीकेंड वर्कशॉपच्या पोस्टरवर जाऊन बसतो, त्याचाही मला तितकाच राग येतो.

कारण खरी माणसं दोन्हीकडे गायब आहेत. मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरात मारिया साबिना नावाची माझातेक या मूळ जमातीची बाई रात्रभर मंत्रासारखं गाऊन आजाऱ्यांना बरं करायची, मशरूम त्या विधीचा भाग. 1957 मध्ये 'लाइफ' मासिकात वॉसन या अळंबीच्या हौशी अभ्यासकाचा तिच्या विधीवरचा लेख आला, मागोमाग हिप्पींची रीघ लागली, गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं. तिच्यासाठी ती ट्रिप नव्हती, औषध होतं. आपल्याला खरं तर हे लवकर कळायला हवं, देवीच्या गोंधळात संबळ वाजायला लागला की अंगात येतं ते आपण पाहिलंय, त्याला कुठली गोळी लागत नाही. भांगेपेक्षा ही तुलना जास्त जवळची आहे, आणि ग्रुपवर अजून ती कोणीच केलेली नाही.