चावी हातात असून बायका फुटपाथवर का बसल्या होत्या

मोठी पोस्ट आहे, सवडीने वाचा पण वाचा.

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला, पुलाखाली राहणाऱ्या तीन-चार कुटुंबांचा, आणि खाली लिहिलं की यांना सरकार घरं देतं, हे ती विकतात आणि परत येऊन इथेच बसतात. धडाधड अंगठे आले त्यावर. मी तिथे काही लिहिलं नाही, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. कारण घराची चावी जवळ असून फुटपाथवर राहिलेली माणसं मी बघितलीयेत, त्यांच्याबरोबर चहा प्यायलेय, आणि ती का तिथे राहिली हे मला माहितीये.

२०१८ चा ऑक्टोबर संपत आला होता तेव्हाची गोष्ट. विद्याविहारला तानसा जलवाहिनीच्या कडेला फुटपाथवर लोक येऊन बसले, चेंबूरजवळच्या माहुलवरून आलेले. वर निळी ताडपत्री, खाली चटया, कडेला स्टोव्ह, दप्तरं, औषधाच्या पिशव्या. बहुतेक बायकाच. पाहिलं तर वाटावं की बेघर आहेत, पण यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या नावावर पक्क्या बिल्डिंगमधली खोली होती, २२५ चौरस फुटांची, संडास-बाथरूम आतच, सरकारी कागदावर "पुनर्वसन पूर्ण". एका मावशींनी पदराची गाठ सोडून मला चावी दाखवली होती. पितळेची, तिला लाल दोरा बांधलेला. म्हणाल्या, "ताई, कुलूप लावून आलेय. घर आहे ना मला. पण तिथं नातवाला श्वास घेता येत नाही, मग घराचं काय करू?"

ही माणसं मुळात कुठली, तर याच जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्यांमधली. विद्याविहार, घाटकोपर आणि आणखी कुठली कुठली. वीस-तीस वर्षं राहिलेली, घरकाम, रिक्षा, भाजीची गाडी, नाक्यावरची मजुरी. शहराला पाणी देणारी वाहिनी सुरक्षित राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा असा हायकोर्टाचा आदेश होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग त्या मोकळ्या जागेवर ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक करायचं ठरलं. खरं सांगते, मला तेव्हा ती कल्पना फार आवडली होती. मी शेअरही केली होती, "मुंबईला याची गरज आहे" वगैरे लिहून. तिथे राहणारे लोक कुठे जाणार हा प्रश्न मला पडलाच नाही तेव्हा, आणि आज त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ते गेले माहुलला.

मी चेंबूरला वाढलेय. आमच्या लहानपणी चेंबूरला लोक गॅस चेंबर म्हणायचे, संध्याकाळी वास यायला लागला की आई खिडक्या लावून घ्यायची. माहुल तर त्याच्याही पुढे, एका बाजूला रिफायनऱ्या, दुसरीकडे केमिकल साठवायच्या टाक्या, खताचा कारखाना, वीज केंद्र, आणि या सगळ्याच्या मधोमध सात-सात मजल्यांच्या ७२ बिल्डिंगा. दोन बिल्डिंगमधलं अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ज्यांच्याकडे गेले होते त्या ताईंनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून मला दाखवलं, काळं आणि चिकट, नुसती धूळ असते तसं नाही, बोटाला चिकटूनच राहिलं, साबणाने दोनदा धुवावं लागलं. म्हणाल्या हे सकाळी पुसलेलं आहे. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

आणि हे कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माहुल-आंबापाडा हे मूळचं कोळ्यांचं गाव, तिथल्या गावकऱ्यांनी बिल्डिंगमधले लोक यायच्या आधीच राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या कोर्टाकडे, केस केली होती. केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिथे पाहणी केली तेव्हा ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं होतं, छातीत कोंडल्यासारखं वाटणारे आणि डोळे चुरचुरणारे ८० टक्क्यांच्या वर. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने स्पष्ट म्हटलं की इथल्या हवेमुळे लोकांच्या तब्येतीला धोका आहे. २०१५! आणि त्यानंतर, २०१७ च्या आसपास, तिथेच हजारो कुटुंबं ट्रकमध्ये सामान घालून नेली गेली. मला आजही हे पचत नाही. धोका आहे हे कोर्टाच्या कागदावर आहे, तो कागद सगळ्यांच्या फाइलीत आहे, आणि तरी चावीवाटप चालू आहे.

तिथे गेल्यावर काय झालं ते रहिवाशांच्या तोंडून ऐकावं. अंगावर चट्टे, लहान मुलांना सतत खोकला, टीबी, दमा. त्यांनी मेलेल्या माणसांची यादी ठेवायला सुरुवात केली, वहीत हाताने लिहिलेली, नाव, वय, बिल्डिंग नंबर, आजार. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती शंभरच्या पुढे गेली होती. ती वही मी हातात घेतलीये, एका ठिकाणी वयाच्या रकान्यात "४ म." लिहिलं होतं, चार महिने. आणि आजाराइतकंच मोठं दुखणं म्हणजे काम गेलं. घाटकोपरला चार घरची धुणीभांडी करणारी बाई माहुलवरून सकाळी सातला कशी पोचणार, बस बदलत बदलत, आणि तिकिटात पगार गेला तर उरलं काय? पोरांच्या शाळा तिकडेच राहिल्या, बऱ्याच मुली घरी बसल्या.

ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या एका रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसच्या वर माणसं जखमी झाली, आमच्या घरातली भांडी हलली त्या आवाजाने. त्याच महिन्यात हायकोर्टाने सांगितलं होतं की या लोकांना दुसरीकडे घर द्या नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या. पण सांगितलेलं प्रत्यक्षात झालं नाही म्हणूनच ऑक्टोबरात बायका उठल्या आणि जिथून त्यांना उठवलं होतं तिथेच येऊन बसल्या. जीवन बचाओ आंदोलन. घरांच्या हक्कासाठी लढणारे घर बचाओ घर बनाओ वाले सोबत होते. शंभर दिवस उलटले, त्याच्याही पुढे चाललं. थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊस आला.

आंदोलन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोषणा आणि बॅनर येतात. तिथे बहुतेक वेळ काय चालायचं माहितीये? झेरॉक्स. रेशन कार्ड, लाईट बिल, झोपडीचा जुना फोटोपास, पाडकामाची नोटीस, चावी मिळाल्याची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं लावून प्रत्येकीची एक फाइल, आणि ती फाइल पावसात भिजू नये म्हणून दुधाच्या पिशव्या कापून त्याचं कव्हर. अर्ज दिला की तो मिळाल्याचा आवक शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही हे तिथल्या सातवी शिकलेल्या बाईने मला शिकवलं, मी बीकॉम झालेली. "शिक्का नाही तर आपण गेलोच नव्हतो असं होतं," असं त्या म्हणायच्या. एकीला अक्षर वाचता येत नव्हतं पण शिक्क्याचा आकार बघून कुठल्या ऑफिसचा आहे हे ती बरोबर सांगायची.

सप्टेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने शेवटी सांगितलं की यापुढे कोणालाही जबरदस्तीने माहुलला पाठवू नका, आणि जे तिथे आहेत त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या. हे त्या बायकांनी मिळवलं, कुठल्या पुढाऱ्याने दिलं नाही, हे मला मोठ्याने सांगायचंय. २०२० मध्ये हरित लवादाने तिथल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई भरायला सांगितली, तीही गावकऱ्यांच्या चिकाटीमुळे.

पण सगळं छान झालं असंही लिहिणार नाही. भाडं मिळायला लागलं तशी माणसं पांगली. कोणी मानखुर्दला, कोणी कळव्याला, कोणी गावी. काहींना नंतर गोराईला घरं मिळाली. भाड्याचा हप्ता अडकला की परत हेलपाटे. एकत्र बसलेली माणसं मागू शकतात, पांगलेली माणसं फक्त फोन करू शकतात, आणि फोन कोणी उचलत नाही. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांना भाडं थकल्यावर घरमालकाने बाहेर काढलं आणि ती परत रस्त्यावर आली. आता ग्रुपवरच्या त्या फोटोतल्या माणसांबद्दल "घर विकून आले" असं म्हणताना जरा थांबावं इतकंच माझं म्हणणं आहे. यातले काही असेही असतील ज्यांना घर दिलं अशी कागदावर नोंद आहे.

माहुलमधल्या हजारो खोल्या रिकाम्याच राहिल्या. २०२५ मध्ये त्या महापालिकेच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढल्या. मुंबईत! इतक्या पैशात इथे पार्किंगसुद्धा मिळणं कठीण. तरी फार थोडे अर्ज आले. पंधराशे किलोमीटरवरून पोट भरायला आलेला माणूस जिथे दहा बाय दहाच्या खोलीत आठजणांत राहतो त्या शहरात पक्की घरं घ्यायला कोणी तयार नाही, मग फुटपाथवर बसलेल्या त्या बायका खोटं बोलत होत्या का?

आता हे आज का लिहितेय. कारण तीच गोष्ट परत होतेय, देवनारला. धारावीच्या पुनर्विकासात जे अपात्र ठरतील त्यांच्या घरांसाठी देवनार डम्पिंगची १२४ एकर जागा द्यायचं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. १९२७ पासून शहराचा कचरा जिथे पडतोय, जिथे १८५ लाख टन जुना कचरा साठलाय, २०१६ च्या जानेवारीत जिथल्या आगीचा धूर कितीतरी दिवस आपल्या नाकात होता, ती जागा. कचरा उचलून जागा साफ करणार म्हणतात. कचरा निघेल एकवेळ, पण जमिनीतलं पाणी आणि वायू, ते कोण तपासणार, आणि तपासणीचा कागद लोकांना आधी दाखवणार की चावी दिल्यावर?

हे विचारायचं कोणाला हाही प्रश्न गेली काही वर्षं होता. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं या शहरात नगरसेवक नव्हते. कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे. तुम्हाला वाटेल नगरसेवक असून तरी काय करतात, मलाही वाटायचं. पण त्या काळात पुलाखालच्या दोन कुटुंबांना निवारा मिळावा म्हणून मी एका ऑफिसात सात वेळा गेले, प्रत्येक वेळी वेगळं टेबल, "मॅडम हे आमच्याकडे येत नाही". नगरसेवक निदान लग्नाला भेटतो, गणपतीत भेटतो, मतासाठी दारात येतो, त्याला चारचौघांत विचारता येतं. टेबलाला काय विचारणार? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय की दर एक लाख लोकवस्तीमागे बेघरांसाठी एक चोवीस तासांचा निवारा हवा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, तेव्हाच्या मोजणीतले बेघर ५७ हजारांच्या वर. आपल्या वॉर्डात एक तरी आहे का बघा शोधून. आणि १९८५ मध्ये याच मुंबईच्या फुटपाथवाल्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. चाळीस वर्षं झाली त्याला. ती बाई घाटकोपरच्या चार घरांपासून तोडली गेली तेव्हा नेमका तोच हक्क गेला.

यंदा १५ जानेवारीला मतदान झालं, २२७ नगरसेवक आलेत. पक्ष कुठला ते मला बघायचं नाही. आमच्या भागातल्या प्रचारात पाणी, खड्डे, पार्किंग सगळं होतं, हवेबद्दल पत्रकात एक ओळ होती, बेघरांबद्दल एकही नाही. हवेवर बोलणारे माझे मित्रमैत्रिणीही एक्यूआयचे, म्हणजे हवेच्या दर्जाच्या आकड्यांचे, स्क्रीनशॉट टाकतात आणि माहुल हा शब्द काढत नाहीत, आणि घरांवर काम करणारे काही जण हवा हा पैसेवाल्यांचा विषय समजतात. त्या मावशींना हे दोन वेगळे विषय आहेत असं कधी वाटलंच नाही. त्यांच्या फाइलीत पाडकामाची नोटीस आणि नातवाचा एक्स-रे एकाच पिनेला लावलेले होते.

आम्ही आठ-दहाजण येत्या रविवारी सकाळी अकराला बसतोय, पुलाखालच्या कुटुंबांचे कागद लावायला आणि नवीन नगरसेवकांना द्यायचं निवेदन लिहायला. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पत्ता पाठवते. कोणाकडे झेरॉक्सची सोय असेल तर फार मदत होईल, प्रत्येक कागदाचे तीन सेट लागतात, एक आपल्याकडे ठेवायचा, शिक्क्याचा.